‘शेजारी’ या शब्दाचा अर्थविस्तार : जालना, केडगाव आणि मराठी ख्रिस्ती सेवापरंपरा

१

परभणी जिल्ह्याच्या धार्मिक इतिहासाचा विचार करू लागले की अभ्यासकाची दृष्टी प्रथम गंगाखेडच्या जनाबाईकडे, जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन लेण्यांकडे आणि परभणी शहरातील सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. ख्रिस्ती समाज ह्या जिल्ह्यात संख्येने अल्प असल्यामुळे त्याचा उल्लेख बहुधा ओझरता होतो. तथापि मराठवाड्यातील ख्रिस्ती धर्मकार्याचे एक जुने केंद्र जे जालना, ते परभणीला परके नव्हे. आज जालना जिल्ह्यात असलेला परतूर तालुका १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग होता. आणि १९९९ मध्ये स्वतंत्र जिल्हा झालेली हिंगोली व जालना ही दोन्ही गावे एकोणिसाव्या शतकात हैदराबाद कंटिंजंटच्या छावण्या म्हणून एकाच लष्करी व्यवस्थेत बांधली गेली होती. सबब जालन्यात जे घडले त्याचा विचार संबंध गोदाकाठच्या समाजरचनेच्या संदर्भात करणे युक्त ठरते.

ख्रिस्ती धर्मात दया, परोपकार आणि शास्त्रवाचन ही तीन अंगे परस्परांपासून वेगळी मानलेली नाहीत. परंतु महाराष्ट्रातील मिशनकार्याचा इतिहास लिहिताना त्यांची फारकत केली जाते. शाळा, दवाखाने व अनाथगृहे ह्यांचा वृत्तांत समाजसुधारणेच्या प्रकरणात जातो, तर बायबलच्या भाषांतराचा वृत्तांत गद्यवाङ्मयाच्या प्रकरणात. वस्तुतः ज्या शब्दांत शास्त्र मराठीत आले त्याच शब्दांत ह्या सेवेचा अर्थ मराठी माणसाला समजला, आणि त्या शब्दांच्या मर्यादाही सेवेला येऊन भिडल्या. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका शब्दाचा मागोवा घ्यावयाचा आहे. तो शब्द म्हणजे ‘शेजारी’.

२

लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक शास्त्री येशूला विचारतो की, ज्याच्यावर प्रीती करावयाची तो माझा शेजारी कोण? उत्तरादाखल येशू वाटमारीत जखमी झालेल्या प्रवाशाची गोष्ट सांगतो. याजक त्याला ओलांडून जातो, लेवीही जातो; यहुद्यांनी हीन मानलेला शोमरोनी मात्र थांबतो, जखमा बांधतो आणि उतारशाळेचा खर्च सोसतो. गोष्टीच्या शेवटी प्रश्न उलटा होतो. माझा शेजारी कोण, हा प्रश्न मागे राहतो आणि त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला, असे विचारले जाते.

येथे भाषांतरकारापुढे एक खरी अडचण आहे. लेवीय ग्रंथातील मूळ आज्ञेत हिब्रू ‘रेआ’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ सोबती, मित्र, आपल्यातला दुसरा माणूस असा व्यापक आहे. ग्रीकमध्ये त्याला ‘प्लेसिऑन’, म्हणजे जवळचा, हा प्रतिशब्द योजला गेला. मराठीत ‘शेजारी’ हा शब्द रूढ झाला. तो घरगुती आणि सुबोध आहे. शेजारपाजार, शेजारधर्म ह्या शब्दांनी त्याच्याभोवती आपलेपणाचे वलयही निर्माण केलेले आहे. परंतु मराठी गावात शेजार ही केवळ अंतराची कल्पना नव्हती. ब्राह्मणाळी, माळीवाडा, कुंभारवाडा अशा वस्त्या जातीनिहाय असत आणि महारवाडा व मांगवाडा गावकुसाबाहेर असे. मांग हा बलुतेदार होता. दोरखंड, केरसुण्या ही त्याची कामे गावाला रोज लागत आणि त्याला त्याचे बलुते मिळे. गावाच्या व्यवहारात तो होता, गावाच्या शेजारात मात्र नव्हता.

दानाची गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला काही देणे ही कल्पना मराठी समाजाला नवी नव्हती. ग्रहण लागले की मांग दान मागत फिरे आणि लोक ते देत. पण ते दान देणाऱ्याचे अरिष्ट घेणाऱ्याच्या पदरात टाकणारे होते. त्याने दोघांमधील अंतर घटत नसे. उलट त्या अंतरावरच ते दान उभे होते. म्हणजे मराठीत ‘दान’ हा शब्द उंचसखल भूमीवर वावरत होता, तर ‘शेजारी’ हा शब्द सपाट भूमीवर, परंतु कुसाच्या आत. ख्रिस्ती शास्त्राला हवी असलेली कल्पना ह्या दोहोंपैकी कोणत्याच शब्दात पूर्णपणे मावत नव्हती.

इंग्रजी भाषेत हीच अडचण निराळ्या रीतीने उद्भवली, हे तुलनेसाठी लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रीक ‘अगापे’ ह्या शब्दाला लॅटिनमध्ये ‘कारितास’ हा प्रतिशब्द आला. त्यावरून आलेला ‘चॅरिटी’ हा शब्द १६११ च्या इंग्रजी भाषांतराने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात योजला. कालांतराने त्या शब्दाचा अर्थ भिक्षादानापर्यंत आकुंचित झाला, आणि १८८१ च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी प्रेमवाचक साधा शब्द घालावा लागला. मराठी भाषांतरकारांनी त्या ठिकाणी ‘प्रीती’ हा शब्द घेतला, त्यामुळे मराठी वाचकापुढे तो घोटाळा राहिला नाही. प्रीती आणि दानधर्म ह्यांचा भेद मराठी पाठात स्पष्ट राहिला. भेद शब्दांत स्पष्ट असला तरी आचरणात तो पाळणे कितपत साधले, हा खरा ऐतिहासिक प्रश्न आहे.

३

मराठीत ख्रिस्ती शास्त्र आणण्याचा प्रयत्न तसा जुना. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोमंतकात छापले गेले. त्यांनी ओवी छंद निवडला ह्यावरून एवढे निश्चित दिसते की, ऐकणाऱ्याच्या कानाला परिचित असलेल्या वाटेनेच शास्त्र न्यावे, ही जाणीव त्यांना होती. पुढे बंगालमधील सेरामपूर येथे विल्यम केरी ह्यांनी वैजनाथ पंडितांच्या साह्याने मराठीचे काम हाती घेतले. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ साली, कोश १८१० साली आणि नवा करार १८११ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस पोचले. त्यांच्या परिश्रमाने मराठी नवा करार १८२६ मध्ये आणि संपूर्ण बायबल १८४७ मध्ये सिद्ध झाले. १८४२ मध्ये अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू झाला.

ह्या सर्व खटाटोपात पंडितांचा सहभाग अपरिहार्य होता. त्यामुळे भाषांतराची मराठी शिष्ट आणि संस्कृतप्रचुर झाली. शास्त्र सर्वांसाठी आहे असे म्हणणारा धर्म पंडितांच्या मराठीत बोलू लागला, हा विरोध लवकरच जाणवू लागणे क्रमप्राप्त होते.

त्या विरोधाची दुसरी बाजू १८५५ साली ‘ज्ञानोदया’तच प्रकट झाली. पुण्यातील जोतीराव फुले ह्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मांग जातीच्या विद्यार्थिनीचा, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्या पत्राने दोन भागांत छापला. त्यात तिने उपस्थित केलेला मुद्दा तर्कदृष्ट्या अचूक आहे. वेद हे ब्राह्मणांचे आणि त्यांकडे पाहण्याचाही अधिकार आम्हांस नाही, तर मग आम्ही धर्मपुस्तकावाचून आहोत हे उघड आहे, असा तिच्या प्रतिपादनाचा आशय. मुक्ता साळवे ख्रिस्ती झाली म्हणून हा निबंध तेथे आला असे नव्हे. पण धर्मग्रंथ वाचावयास मिळणे आणि माणूस म्हणून गणले जाणे ह्यांतील संबंध तिने जितक्या स्पष्टपणे मांडला, तितक्या स्पष्टपणे तो त्या काळी फार थोड्यांना मांडता आला असेल. पुढे जालन्यात ज्या समाजातून बहुसंख्य लोक ख्रिस्ती झाले तो समाज हाच, हे विसरून चालणार नाही.

४

जालन्याच्या कार्याचे प्रवर्तक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण होते. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या द्वारा त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि मुलाला पित्याच्या स्वाधीन करण्याचा निर्णय झाला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे ह्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेली खटपट आणि तिला सनातनी पक्षाने केलेला विरोध हा महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासातील परिचित प्रसंग आहे. त्या मुलाने मिशनऱ्यांच्या घरी अन्न घेतले, एवढ्यानेच त्याचा शेजार तुटला होता. शेजाराची सीमा किती सहज ओलांडली जाते आणि ती उलट ओलांडणे किती दुष्कर असते, हे शेषाद्रींनी स्वतःच्या घरात अनुभवले होते.

१८५४ साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि १८६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. त्या परिसरातील मांग समाजात त्यांच्या उपदेशास विशेष प्रतिसाद मिळाला. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा प्रश्न केवळ उपासनेचा नव्हता. बलुतेदारीची कामे ग्रामदेवतेच्या विधींशी आणि सणावारांशी निगडित असल्यामुळे धर्म बदलला की उपजीविकाही डळमळीत होई. ह्या अडचणीतून बेथेल ह्या वसाहतीचा जन्म झाला. हैदराबाद संस्थानचे दिवाण सर सालारजंग ह्यांनी सवलतीच्या अटींवर जालन्यानजीक जमीन दिली आणि तेथे शेती, शाळा व प्रार्थनामंदिर असलेले ख्रिस्ती खेडे उभे राहिले. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब उशाशी धोंडा घेऊन उघड्यावर निजतो आणि स्वप्नानंतर त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव देतो. गावकुसाबाहेर राहिलेल्या लोकांच्या वसाहतीला हे नाव देण्यात शेषाद्रींची शास्त्रदृष्टी दिसून येते. १८७३ मध्ये न्यूयॉर्क येथे भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस ते उपस्थित होते. १८९१ साली त्यांचे निधन झाले.

बेथेलचे महत्त्व ओळखण्यासाठी तत्कालीन भाषिक परिस्थिती ध्यानात घ्यावी लागते. निजामी राज्यात राजभाषा आधी फारसी होती आणि १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्यातील सामान्य रयतेच्या मातृभाषेला सरकारदरबारी स्थान नव्हते. अशा मुलखात मांग कुटुंबातील मुलाच्या हाती मराठीत छापलेले पुस्तक पडणे ही घटना लहान म्हणता येणार नाही. ज्या धर्मपुस्तकाच्या अभावाचा उल्लेख मुक्ता साळवेने केला होता, तशा प्रकारचे एक पुस्तक त्याच्या समोर उघडले गेले.

तथापि बेथेलची एक मर्यादाही नमूद करणे इतिहासकाराचे कर्तव्य आहे. मांगांना शेजारी मानणारे गाव घडविण्याऐवजी त्यांच्यासाठी वेगळे गाव वसवावे लागले. शेजाराची सीमा मोडली नाही; तिच्या पलीकडे नवा शेजार उभा राहिला. ह्याचा दोष एकट्या मिशनकडे जात नाही, कारण जुन्या गावाने दुसरी वाट ठेवली नव्हती. पण पुढील काळात ख्रिस्ती वस्ती स्वतंत्र राहिली आणि गावाच्या दृष्टीने तिची जुनी ओळखही पुसली गेली नाही, ह्याचे मूळ येथे सापडते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठरल्या, १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत समाविष्ट करण्यात आले. पूर्वास्पृश्य ख्रिस्ती कुटुंबे त्यांबाहेर राहिली. त्यांना जुना गाव आपला म्हणत नव्हता आणि नवा कायदा मागासलेला म्हणत नव्हता, अशी ही विलक्षण स्थिती होती.

५

ख्रिस्ती सेवाकार्यावर सर्वांत मोठा आक्षेप घेतला गेला तो असा की, हे दान नसून धर्मांतराची किंमत आहे. दुष्काळात तो आक्षेप अधिक तीव्र होई. ह्या आक्षेपाचा विचार पंडिता रमाबाईंच्या चरित्राच्या आधारे करणे सोयीचे आहे, कारण त्या स्वतः दुष्काळाच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या होत्या. १८७० च्या दशकातील दुष्काळाच्या काळात तीर्थयात्रा करीत असताना उपासमारीने त्यांचे आईवडील आणि बहीण गेली. पुराण सांगणाऱ्या ह्या विद्वान ब्राह्मण कुटुंबाला वाटेत कोणी शेजारी भेटला नाही.

१८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. तेथे ब्राह्मण विधवांना आपले सोवळेओवळे पाळण्याची मुभा होती. तरीही काही मुलींचा ओढा ख्रिस्ती धर्माकडे आहे असे दिसताच मोठा वाद उठला, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. संस्था धर्मनिरपेक्ष राहील ह्या विश्वासाने त्यांनी साह्य केले होते; त्या विश्वासाला तडा गेला अशी त्यांची भावना झाली. ती निराधार होती असे म्हणता येत नाही. सेवा करणाऱ्याने आपली श्रद्धा कितपत झाकावी, हा प्रश्न तेव्हाही सुटला नाही.

त्यानंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमाराच्या दुष्काळात तेथील संख्या आणखी वाढून दोन हजारांच्या आसपास गेली. शारदा सदनातील जातिनियमांना येथे वाव उरला नाही. निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातींतील मुली एका स्वयंपाकघरातले अन्न खाऊ लागल्या. विणकाम, शेती, छपाई अशी कामे त्या शिकल्या. रमाबाईंची कन्या मनोरमा हिने अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविली.

येथपर्यंतचा वृत्तांत परोपकाराचा आहे, आणि उपाशी मुलीला अन्नाबरोबर धर्मही दिला गेला हा आक्षेप त्याने निरस्त होत नाही. भुकेल्या बालिकेच्या संमतीला मुक्त संमती म्हणता येत नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु रमाबाईंच्या कार्याचे पुढचे पाऊल ह्या आक्षेपाच्या चौकटीत बसत नाही. प्रचलित मराठी बायबल ह्या मुलींना समजत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. अनेकींची मातृभाषा मराठी नव्हती. ज्यांची होती त्यांची मराठी पंडिती नव्हती. संस्कृतावरील प्रभुत्वामुळे ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ह्या पदव्या मिळविलेल्या विदुषीने आता उतारवयात हिब्रू आणि ग्रीक ह्या भाषा अभ्यासल्या, आणि सुमारे दीड तप खपून संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत पुन्हा भाषांतर केले. संस्कृतप्रचुर शब्दयोजना त्यांनी बुद्ध्या टाळली. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम मुक्तिसदनातील स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रकाशित झाला.

ज्यांना अन्न दिले त्यांच्यासाठी भाषा बदलावी असे देणाऱ्याला वाटणे ही दानाच्या नेहमीच्या व्यवहारात न बसणारी गोष्ट आहे. ग्रहणाच्या दानात देणारा जागचा हलत नाही. येथे देणारीने आपली सर्वांत मोठी मिळकत, म्हणजे संस्कृत पांडित्य, बाजूला ठेवले. आणि घेणारीने खिळे जुळवून तो ग्रंथ सिद्ध केला. लूकच्या कथेतील उलटा प्रश्न येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

६

ही वृत्ती मराठीत आयात झाली, असे मानण्याचे कारण नाही. महानुभाव पंथातील केशोबास संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थोपविले; संस्कृतामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, हा त्यांचा युक्तिवाद स्मृतिस्थळात नमूद आहे. केडगावच्या रमाबाई आणि गोदाकाठचे नागदेवाचार्य ह्यांच्यामध्ये सहा शतकांचे अंतर आहे आणि श्रद्धा भिन्न आहेत. परंतु दोघांच्या नजरेसमोर असलेला श्रोता एकच आहे. गंगाखेडच्या जनाबाईने तर ह्याच्याही पलीकडे जाऊन देवालाच आपल्या दळणकांडणाचा सोबती केले. तिच्या अभंगांतला देव दासीला काही दान करीत नाही. तो जात्याचा खुंटा धरतो. हिब्रू ‘रेआ’ ह्या शब्दाच्या अर्थाला मराठी भक्तिकाव्याने इतक्या जवळून स्पर्श केला असताना भाषांतरकारांचे लक्ष तिकडे उशिरा गेले. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांनी अभंगाची वाट धरली आणि आपण तुकोबांच्या आधाराने ख्रिस्तापर्यंत आलो असे सांगितले, तेव्हा हा दुवा प्रथमच ठळक झाला.

रमाबाईंच्या भाषांतराला चर्चमध्ये सर्वमान्यता मिळाली नाही. उपासनेत बायबल सोसायटीचा पाठच रूढ राहिला. त्यामागे पंथीय संस्थांची घडी आणि कानाला सवयीची झालेली भाषा ही दोन्ही कारणे संभवतात. त्याचप्रमाणे बेथेलचा आदर्शही जालन्यापुरताच राहिला. गावकुसाच्या आतला आणि बाहेरचा हा भेद मोडण्याचे राजकीय सामर्थ्य पुढे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतून निर्माण झाले. म्हणून ह्या दोन्ही प्रयत्नांचे मूल्यमापन केवळ त्यांच्या यशावरून करता येणार नाही. ‘शेजारी’ ह्या शब्दात मांगवाड्यातील माणूस आणि दुष्काळातील अनोळखी मुलगी ह्यांना जागा आहे, हा अर्थ मराठी भाषेला त्यांनी दिला, आणि तो अर्थ आचरणात आणताना कोठे अडखळावे लागते हेही दाखविले.

जालना, परभणी, हिंगोली ह्या पट्ट्यातील ख्रिस्ती कुटुंबांच्या प्रार्थनांत, गीतांत आणि घरगुती बोलीत ‘शेजारी’, ‘प्रीती’, ‘दान’ व ‘दया’ हे शब्द कोणत्या अर्थच्छटांनी वावरतात, ह्याचा पद्धतशीर संग्रह भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्यासारखा आहे. तो करताना मंडळ्यांच्या दप्तरांबरोबरच वृद्ध स्त्रियांच्या तोंडची मराठी टिपून घ्यावी लागेल. नागदेवाचार्यांनी आणि रमाबाईंनी जिच्यासाठी भाषा साधी केली, तिने त्या भाषेचे पुढे काय केले, हे तिच्याकडूनच समजणार आहे.